शकुनाचा एक

"अडकणार नाही म्हणजे नाही, मामा! एकदा सुरू झालं की पाटाच्या पाण्यासारखं वाहत जाणार! अडकलं तर मिशी उतरवीन!"

ज्ञानेशला मिशी नव्हती, ही गोष्ट वेगळी. पण मेहुणीच्या लग्नाचा मांडव, समोर सासरा, हातात जिलेबीचं ताट आणि आजूबाजूला ऐकायला सासुरवाडीची भावकी! अशा वेळी माणसाच्या तोंडून असलं काहीतरी निघतंच.

हा ज्ञानेश म्हणजे नाशकात गंगापूर रोडवर 'योगिनी डिजिटल' नावाचा व्हिडिओ स्टुडिओ चालवणारा. योगिनी ही त्याची बायको. स्टुडिओला बायकोचं नाव दिलं की घरी उशिरा गेलं तरी चालतं, असा त्याचा समज होता. तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात खोटा ठरला. ते असो!

खरी गंमत सासऱ्यांची. त्यांचं नावच कारभारी. सायखेड्याचे बागायतदार, टोमॅटो आणि कांद्यात मुरलेले. "थोरले जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की मामा आधी खाकरायचे. चांगलं दोनदा खाकरायचे! मग म्हणायचे, "शूटिंग करत्यात." आणि समोरच्याचा चेहरा पडायच्या आत घाईघाईनं जोडायचे, "पन घरची शेती हाय हां त्यांची! मखमलाबादला. भाजीपाला!"

ते खाकरणं ज्ञानेशला काट्यासारखं सलायचं. बाकी त्याला आयुष्यात काही कमी नव्हतं. एकदा, फक्त एकदा, मामांनी न खाकरता "हे आमचे जावई" म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा! म्हणून धाकट्या दिशाच्या लग्नात त्यानं एक सोडून चार कॅमेरे लावले. एक नवरीवर, एक नवरदेवावर, एक मांडवावर आणि एक फक्त मानाच्या पाहुण्यांवर. आणि जाहीर करून टाकलं, की पुढच्या रविवारी सायखेड्यात सगळ्या भावकीसमोर हे चारही कॅमेरे एकाच पडद्यावर, चार खिडक्यांत, एकाच वेळी दाखवणार!

"एकाच वेळी?" मामांनी डोळे बारीक केले. "आन मध्येच अडाकलं मंग?"

त्यावर तो मिशीचा पण झाला.

आता एवढा जोर ज्ञानेशच्या अंगात आला कुठून? तर डब्यातून! ही २००५ सालची गोष्ट. तेव्हा साध्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एका मोठ्या लग्नातच तुडुंब व्हायची. म्हणून ज्ञानेशनं लग्नाच्या थोडं आधी मुंबईहून एक नवा डबा मागवला होता. पोलादी, काळा, समोर हिरवे दिवे लुकलुकणारा. आत पाच हार्डडिस्का, पण बाहेरून सगळ्या मिळून एकच! आपण त्यात चित्र टाकायचं, डब्यानं त्याचे सारखे तुकडे करायचे. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा तिसरीवर, अशी पंगतीसारखी वाटणी. पाच जणी एकदम कामाला लागतात, म्हणून काम झटपट!

डबा बसवायला सार्थक नावाचा इंजिनियर आला. गोरापान, चष्मेवाला, बोलायला गोड. ज्ञानेशनं डब्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली, नारळ आणून ठेवला आणि सार्थकला बजावून सांगितलं, "हे आपलं घरच्यांसाठी हां! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही!"

"चालतं हो सर," सार्थक पेढा उचलत म्हणाला. "आता एक आकडा टाकायचाय. डब्यातला एकेक तुकडा एकशे अठ्ठावीस खणांचा आहे. म्हणून आपणही सुरुवातीचे एकशे अठ्ठावीस खण मोकळे सोडायचे आणि तिथून पुढं माल भरायचा. म्हणजे आपलं माप आणि डब्याचं माप बरोबर जुळतं. टाका तुमच्या हातानं, मुहूर्त तुमचा!"

ज्ञानेश खुर्चीत बसला. देवाचं नाव घेतलं. एक, दोन, आठ अशी बटणं दाबली. आणि बोट अडलं!

का अडलं? अहो, नुसतेच एकशे अठ्ठावीस? शुभकार्याला सम आकडा? ज्या घरात आहेर कधी शंभराचा झाला नाही, एकशे एकचाच झाला. ज्या घरातली आई, भागुबाई, भाजीबाजारात डझनभर जुड्या मोजून झाल्या की कोथिंबिरीची आणखी एक जुडी हसून वर ठेवायची, त्या घरातलं पोर ते! मोजून मापून, उघडाबोडका आकडा द्यायचा म्हणजे समोरच्याला हाकलून दिल्यासारखं! विश्वास काडीचा नसला म्हणून काय झालं, हात तर आईचाच होता! त्या हातानं आठ पुसला, नऊ दाबला आणि ठोकलं एंटर! एकशे एकोणतीस! वर एक, शकुनाचा!

सार्थक तेव्हा दुसरा पेढा निवडत होता.

मग नारळ फुटला, पाणी डब्यावर उडता उडता राहिलं आणि सगळं मंगल झालं.

लग्न लागलं, चारही कॅमेऱ्यांचं चित्रण डब्यात गेलं. पण ज्ञानेशनं स्टुडिओत चार खिडक्या एकदम लावून बघितल्या, आणि चित्र ठेचकाळायला लागलं! एकच खिडकी लावली तर सुतासारखी सरळ. दोन लावल्या तरी बरं. चार लावल्या की नवरदेव घोड्यावरून उतरता उतरता हवेतच!

"व्होल्टेज!" ज्ञानेश म्हणाला आणि स्टॅबिलायझर घेऊन आला. चित्र ठेचकाळलंच. "गरम होतोय!" असं म्हणून त्यानं घरातला टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला. योगिनी घामाघूम होऊन म्हणाली, "त्या डब्याला वारा, आणि मी काय वर्तमानपत्र हलवत बसू?" शेवटी त्यानं डब्याचं तोंड पूर्वेला केलं. तरीही नवरदेव हवेतच!

मग फोन. सार्थकनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर, सुरुवात एकशे अठ्ठावीसवरच केली होती ना?"

"हो हो! एकशे अठ्ठावीसच!"

आणि मंडळी, तो खोटं बोलला नाही! वरचा एक कधी कुणी मोजतं का? भागुबाईला विचारा किती जुड्या दिल्या, ती डझनच सांगेल. वर दिलेली जुडी ही मोजायची वस्तूच नाही. ती आपली मायेची!

"मग कळत नाही," सार्थक म्हणाला. "चार खिडक्या एकदम नका चालवू."

पण चार खिडक्यांची दवंडी तर सायखेडाभर पिटून झाली होती!

रविवार उजाडला. दिशा आणि तिचा नवरा ओम महाबळेश्वरला गेलेले, पण बाकी भावकी झाडून हजर. मामांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ताडपत्र्या सोडून अंधार केला होता, भिंतीवर पडदा लावला होता आणि समोर डबा मांडला होता. आत बायका, पोरं, म्हातारे, एक चुकार शेळी आणि सगळ्यांत पुढं, मानाच्या खुर्चीत, मामांची थोरली बहीण चिमणाआत्या. ही आत्या म्हणजे माणसांचे चेहरे वाचणारी बाई! कोणाच्या कपाळावरची कोणती आठी कोणत्या लग्नात, कोणत्या कारणानं पडली, हे तिला तोंडपाठ.

हळद दोन खिडक्यांत छान गेली. "वा! वा!" झालं. वरात तीन खिडक्यांत, जरा अडखळत का होईना, गेली. ज्ञानेशनं कपाळ पुसलं आणि चौथी खिडकी उघडली.

मंगलाष्टका सुरू झाल्या. आवाज वेगळ्या मशीनवरून येत होता, तो ठणठणीत! चित्र मात्र धापा टाकायला लागलं. कर्ण्यातून "सावधाऽऽन!" आलं तेव्हा एका खिडकीत मामा नाक शिंकरत होते. वाजंत्री वाजली तेव्हा दुसरीत नवरदेव अजून बूट काढत होता. पोरं खिदळायला लागली. ज्ञानेशनं डब्याच्या पाठीवर थाप मारली. आणि खालची उजवी खिडकी, ती मानाच्या पाहुण्यांची, जागच्या जागी थिजली!

थिजली ती कुठं? व्याह्यांच्या तोंडावर!

नामपूरचे देवरामअण्णा, ओमचे वडील, कांद्याचे व्यापारी. खिडकीत मामा त्यांना मानाची शाल पांघरत होते. नेमकी त्याच क्षणी कुणीतरी फेकलेली अक्षता अण्णांच्या डोळ्यात गेली होती. एक डोळा मिटलेला, दुसरा वटारलेला, ओठ वाकडे, नाक फेंदारलेलं. पापणी लवायच्या आत जायचा तो चेहरा! पण जाईना! वरच्या खिडकीत सप्तपदी चालू झाली, शेजारी जेवणाची पंगत बसली, आणि अण्णा आपले शाल अंगावर घेऊन कारल्याचा रस प्यायल्यासारखे सगळ्या भावकीकडं बघतायत! अक्षता इतकी बारीक, की पडद्यावर ती कुणाला दिसणार?

शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. आणि चिमणाआत्या उठून उभी राहिली.

"कारभारी! व्याह्याचं तोंड बघितलं का रं?"

"बघून राहिलो ना, आक्का."

"शाल घेतली आन तोंड कडू! मी म्हनलं व्हतं, शाल लय पातळ हे! मानसाचा मान गेला ना!"

मामांचा चेहरा उतरला. ज्ञानेशला आता फक्त चार शब्द बोलायचे होते. 'डबा अडकलाय, माझी चूक.' एवढंच! पण मामा वळून त्याच्याकडं बघत होते, आणि त्यांचा घसा खाकरायच्या तयारीत होता. ते बघितलं आणि ज्ञानेशच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"ते... ते स्लो मोशन आहे, मामा! मुद्दाम ठेवलंय! पिक्चरमध्ये असतं ना, तसं!"

झालं! शेळीसुद्धा चघळायची थांबली.

"मुद्दाम?" मामा हळू आवाजात म्हणाले. "म्हंजी तुमच्याबी ध्यानात आलं व्हतं, व्याही नाराज हाईत म्हून?"

"अं?"

"आन तोंडानं बोलून आमची शोभा करन्यापेक्षा असं दाखिवलं! गुपचूप!"

"लय हुशार मानूस हो!" आत्या डोळ्याला पदर लावून म्हणाली. "मी आजवर त्याला निसता शूटिंगवाला समजत व्हते!"

"अहो नाही, ते अडकलंय..." ज्ञानेश पुटपुटला. पण आता कोण ऐकतो! मामांनीच त्याला गप्प केलं. "अडाकलं कसं? तुम्हीच म्हनले ना, अडाकत नाय म्हून? मिशी उतरवनार व्हते तुम्ही!"

योगिनीनं मागून नवऱ्याचा शर्ट ओढला. "काय बोलून बसलात हो हे?" ती दात आवळून म्हणाली. "माझी बहीण त्या घरात नांदायचीय!"

तेव्हा कुठं ज्ञानेशच्या ध्यानात आलं. एका डब्यापायी दिशाच्या सासर-माहेरात मिठाचा खडा पडतो की काय!

दुसऱ्याच दिवशी ज्ञानेशच्या मारुती व्हॅनमधून शिष्टमंडळ नामपूरला निघालं. पुढं ज्ञानेश, शेजारी मामा, मागं आत्या. आत्याच्या मांडीवर जाडजूड नवी शाल, टॉवेल-टोपी, विहीणबाईंना पैठणी आणि द्राक्षाच्या दोन पेट्या. वाटभर मामा एकच वाक्य पाठ करत होते, "चुकलंमाकलं पदरात घ्या, चुकलंमाकलं पदरात घ्या." ज्ञानेश खरं सांगायला दर फाट्यावर तोंड उघडायचा आणि फाटा गेला की मिटायचा.

सटाण्यात चहाला थांबले. "लघवीला जाऊन येतो" म्हणून तो स्टँडच्या मागं गेला आणि त्यानं सार्थकला फोन लावला.

"अरे बाबा, त्या डब्याचं काहीतरी कर! माझ्या मेहुणीचा संसार अडकलाय त्यात!"

"सर, पुन्हा एकदा विचारतो. सुरुवातीचा आकडा नेमका काय टाकलात? जसाच्या तसा सांगा."

"एकशे अठ्ठावीस, सांगितलं ना! आणि वर एक."

पलीकडं सार्थकनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वर एक म्हणजे?"

"म्हणजे शकुनाचा रे! आहेराला नाही का आपण देत?"

"सर!" सार्थकचा आवाज चिरकला. "आहेर होता का तो! अहो, असं बघा. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यात, एका माणसाला एक. आता पहिला पाहुणा खुर्चीच्या कडेवरून बोटभर बाजूला सरकून बसला. त्याचं बूड थोडं दुसऱ्या खुर्चीवर. मग दुसरा सरकणार, तिसरा सरकणार... अख्खा हॉल दोन-दोन खुर्च्यांवर बसलाय तुमचा! एक माणूस उठवायचा तर दोन खुर्च्या हलवाव्या लागतात! तुमचा प्रत्येक तुकडा दोन डिस्कांवर लोंबकळतोय. एका तुकड्यासाठी दोघींना धावावं लागतं. एखादी खिडकी असली तर भागतं. चार उघडल्यावर त्या बिचाऱ्या धावून धावून मरणार नाहीत तर काय?"

"एका खणानं?" ज्ञानेश खचून म्हणाला. "एवढ्याशा एका खणानं?"

"एकानंच! कमी नाही, जास्त नाही. सगळं बाहेर काढा, डबा पुसा आणि कोरा एकशे अठ्ठावीस टाका. आणि सर, कृपा करून त्या वेळी नारळ फोडू नका!"

ज्ञानेश व्हॅनपाशी परतला तो रडवेला होऊन. "पोट बरं नाय का?" मामांनी काळजीनं विचारलं.

नामपुरात देवरामअण्णा ओट्यावरच उभे. अंगात बंडी, तोंडभर हसू आणि बोलणं अहिराणी. "या, या, याही! बठा! चहा टाका वं!"

त्यांचं हसू बघून आत्यानं मामांना कोपर मारलं. "बघितलं? वरवर हसून राहिला. आत जळतोय!"

मामांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. शाल पुढं केली. अण्णा चक्रावले.

"कसानी चूक? माले काहीच माहीत नही!"

"मोठेपना हे तुमचा," आत्या म्हणाली. "पन मनात काही ठेवू नका, अण्णा. आम्ही सगळं बघितलंय."

"काय दखं तुम्ही?"

"तुमचं तोंड!"

"मना तोंडले काय व्हयनं?" अण्णांनी गाल चाचपले. आतून विहीणबाई बाहेर आल्या. त्यांनी नवी शाल हातात घेतली, जाडी बघितली, मग आत जाऊन लग्नातली जुनी शाल आणली आणि दोन्ही शेजारी धरल्या.

"मी म्हनत व्हते ना," त्या शांतपणे अण्णांना म्हणाल्या, "पहिली पातळ शे म्हनून?"

अण्णांनी दोन्ही शाली चाचपल्या. आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर पहिली आठी पडली! बिचारा माणूस इतके दिवस सुखात होता. आपला अपमान झालाय, हे त्याला अपमान करणाऱ्यांनीच दारात येऊन सांगितलं होतं!

"म्हनजे चुकनं व्हतं काहीतरी," अण्णा सावकाश म्हणाले. "आन आम्हालेच माहीत नही!"

आता मात्र ज्ञानेशला राहवेना. तो उठला, ओट्याच्या मधोमध उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "अण्णा, मामा, ऐका! कुणाचं काही चुकलेलं नाही! शाल चांगली होती, अण्णा खूश होते, त्यांच्या डोळ्यात नुसती अक्षता गेली होती! चित्र अडकलं! माझा डबा अडकला! मीच त्यात चुकीचा आकडा टाकला! स्लो मोशनबिशन काही नव्हतं, मी थाप मारली! सगळी चूक माझी, माझी एकट्याची!"

दम लागला बिचाऱ्याला. मग मामा उठले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"अण्णा," ते म्हणाले, "बघितलं? दोन्ही घरांची अब्रू राखायला सारं सवताच्या अंगावर घेऊन राहिले! हे आमचे जावई!"

आणि खाकरले नाहीत! एकदाही खाकरले नाहीत!

"नाही हो मामा, खरंच माझा डबा..."

"बस झालं!" अण्णांनी उठून त्याला मिठीच मारली. "असा मानूस घरमा पाहिजे! मना राग गया! पुरा गया!" मग मिठी सैल न करता त्यांनी कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, "पन ते स्लो मोशन... खरंच मनं तोंड हीरोसारखं इतलं मोठं दाखाडं?"

"हो, म्हणजे... बराच वेळ दिसत होतं."

"आन पुरा सायखेडानी दखं?" अण्णांचा चेहरा उजळला. "मंग आते नामपूरले दाखाडा! चावडीसमोर! मी मांडव टाकस!"

परतीच्या वाटेवर मामा प्रत्येक टपरीवर थांबून चहावाल्याला सांगत होते, "हे आमचे जावई. कलाकार हाईत!" ज्ञानेश दर वेळी डबल चहा पीत होता आणि मनातल्या मनात हवेत तरंगत होता. आता फक्त एकच करायचं होतं. काम असं चोख करायचं, की मामांनी आयुष्यभर असंच म्हणत राहावं!

त्यानं आठवडाभर स्टुडिओतून पाऊल बाहेर टाकलं नाही. डब्यातलं सगळं बाहेर काढलं, डबा कोरा केला आणि आकडा टाकायची वेळ आली तेव्हा योगिनीला बोलावून म्हणाला, "तू टाक. माझ्या हाताचा भरवसा नाही." तिनं एक, दोन, आठ दाबलं आणि त्याचा हात पुढं सरकायच्या आत एंटर मारलं! नारळ नाही, पेढे नाहीत. आणि काय सांगू! चारही खिडक्या लोण्यासारख्या चालल्या! नवरदेव घोड्यावरून उतरला तो थेट जमिनीवर! "सावधान" म्हटल्याबरोबर अक्षता पडल्या! ज्ञानेशनं आनंदानं डब्याचा मुका घेतला.

नामपूरच्या चावडीसमोर माणूस मावत नव्हता. दिशा आणि ओम परत आले होते, ते पहिल्या रांगेत. अण्णांनी दोन्ही शाली पांघरल्या होत्या, एकीवर एक. मामा सायखेड्याहून ट्रक भरून भावकी घेऊन आले होते. येईल त्याला सांगत होते, "आता बघा! व्याह्यांचं तोंड येतं, तिथं बघा!"

चित्र सुरू झालं. एक अडखळ नाही! हळद आली, गेली. वरात आली, गेली. अण्णा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. खालच्या उजव्या खिडकीत मामा शाल घेऊन आले. "आते! आते दखा!" अण्णांनी बोट दाखवलं. शाल पडली, अक्षता उडाली, डोळा मिटला... आणि पुढच्या क्षणी अण्णा खिडकीत जिलेबी खात होते!

"गया?" अण्णा उभे राहिले. "मी कोठे गया?"

"पुन्हा लावा!" ओम ओरडला. पुन्हा लावलं. पुन्हा भुर्रकन गेलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, याहीनं तोंड तर दखायनंच नही!" आणि सगळी चावडी हसली.

अण्णा मटकन खाली बसले. एक भुवई वर, ओठ वाकडे, नाक फेंदारलेलं! आणि या वेळी डोळ्यात अक्षता नव्हती.

"सायखेडामा दाखाडं तसं नामपूरमा नही," एवढंच ते म्हणाले आणि वरची शाल काढून त्यांनी विहीणबाईंकडं दिली.

दिशानं कशीबशी समजूत काढून त्यांना जेवायला बसवलं. पुरणपोळीवर तुपाची धार पडली तेव्हा कुठं भुवई खाली आली. पण चिमणाआत्या मात्र ज्ञानेशकडं जेवण होईपर्यंत बघतच राहिली, आणि तिनं त्याच्या कपाळावर काय वाचलं ते तिचं तिलाच माहीत.

परतताना मामा ट्रक सोडून ज्ञानेशच्या व्हॅनमध्ये बसले. टपऱ्या येत होत्या, जात होत्या. एकाही टपरीवर थांबायचं नाव नाही! ज्ञानेशनं मान न वळवता विचारलं, "मामा, बघितलंत ना? एकदाही अडकलं नाही!"

मामांनी खिडकीची काच खाली केली, बाहेर तोंड केलं आणि खाकरले. चांगले दोनदा खाकरले!

"जावईबापू, राग मानू नका, पन एक इचारू?" ते अगदी मायेनं म्हणाले. "पहिलं तुम्ही सवता केलं व्हतं ना? मंग ह्या बारीचं दुसऱ्या कुनाकडून का करून घेतलं?"